ग्रिलमधली खबरबात: कोय, अळू, चिंचोका आणि इतर मंडळी

पावसाळा सरला, थंडी लागली, आणि खिडकीच्या ग्रिलमधल्या कुंड्यांच्या गर्दीत कोण टिकणार आणि कोण निरोप घेणार हे आता दिसायला लागलंय. ठाण्यातली पूर्वेची खिडकी, सकाळी दहापर्यंतचं ऊन, त्यानंतर समोरच्या इमारतीची सावली. एवढ्या भांडवलावर स्वयंपाकघरातून निघालेल्या बिया, कंद आणि शेंडे यंदा कुठवर पोचले, ते सांगते. या नादाला नव्याने लागलेल्यांसाठी एक गोष्ट आधीच स्पष्ट करते: हा सगळा खटाटोप पानांसाठी. फळ हवं असेल तर रोपवाटिकेतून कलम आणा आणि त्याला अंगण द्या. मी फक्त पान बघते. या कसोटीवर यंदाही पहिला नंबर आंब्याचा.

आंबा हे घरात ठेवायचं झाड नव्हे, मान्य. पण पहिली दोन-तीन वर्षं कुंडीत तो जो दिसतो, त्यापुढे विकतची शोभेची झाडं मला फिकी वाटतात. मेअखेरीस हापूस आणि केसर, दोन्हींच्या कोयी बाजूला काढल्या. उरलासुरला गर जुन्या ब्रशने घासून काढायचा, कोय एक दिवस सावलीत ठेवायची, मग जाड कात्रीने कड कापून आतली बी अलगद सोडवायची. कवचासकट लावली तरी उगवते, पण वेळ खाते. शिवाय उघडून बघितलं की आत भुंगा बसलाय का तेही कळतं. केसरच्या एका कोयीत होता, काळपट, निवांत. अशी पोखरलेली बी लावण्यात अर्थ नाही.

आंब्याची बी खडखडीत वाळली की मेली. फणसाची आठळी, जांभूळ, लिची यांचंही तेच. फळ खाल्लं की आठवड्याच्या आत बी मातीत गेली पाहिजे. ‘वाळवून ठेवू, पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्यांनी चिंचोके, खजूर, डाळिंब यांच्याकडे वळावं.

हापूसच्या कोयीतून एकच कोंब येतो आणि तो हापूस निघेल याची खात्री नाही. परागकण कुणाचा होता देव जाणे, उगवतो तो रायवळ. दक्षिणेकडच्या बाप्पाकाई, ओलूर अशा काही जातींत मात्र एका कोयीतून अनेक रोपं निघतात आणि त्यातली बरीचशी हुबेहूब आईसारखी असतात. कोकणात रायवळच्या कोवळ्या रोपावर जुलै-ऑगस्टमध्ये हापूसची काडी बांधतात, ते कोयकलम. मी काही बांधत नाही, मला ते तांबडं पानच हवं असतं. आंब्याला एकदम झुपक्याने पालवी फुटते. पानं तांबूस-तपकिरी, चकचकीत आणि इतकी मलूल की देठापासून सरळ खाली लोंबतात. पाहुण्यांना वाटतं पाणी कमी पडलंय, आणि कोणी ना कोणी तांब्या घेऊन धावतं. ओतू देऊ नका. काही दिवसांत रंग पोपटी होतो, मग हिरवा, पान आपोआप ताठ होतं. त्यानंतर झाड ढिम्म. कित्येक आठवडे काही नाही, आणि अचानक पुन्हा झुपका. कुंडी मात्र खोल हवी, सोटमूळ लांब जातं. तेलाचा पाच लिटरचा कॅन वरून कापून तळाला भोकं पाडली की काम होतं.

आठळ्या भाजीतून वाचवून लावल्या. सगळ्या उगवल्या. फणसाचं पान लहानपणी कधीकधी कातरलेलं, बोटं फुटल्यासारखं येतं. ओळखीचं अखंड पान पुढे येतं. माझ्या एका रोपाला आता दोन्ही प्रकारची पानं आहेत. येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘हे काय झाड?’

यंदा सगळ्यात जास्त वेळ मी ज्याच्यासमोर घालवला ते अळू. बाजारातून भाजीसाठी आणलेल्या अळकुड्यांपैकी दोन-तीन कोंब फुटलेल्या होत्या, त्या बुडाला भोकं पाडलेल्या बादलीत अर्धी माती, अर्धं शेणखत घालून लावल्या. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही हे आपण ऐकतच मोठे झालो. पण भर पावसाळ्यात पहाटे उठून पानाच्या टोकाकडे बघा. खिडकी बंद, पावसाचा थेंब आत आलेला नाही, तरी टोकाला टपोरा थेंब लटकलेला. हळूहळू फुगतो, पडतो, आणि त्या जागी दुसरा धरायला लागतो. रात्री हवा दमट असते, पानांतून बाष्प फारसं उडत नाही, मुळं मात्र पाणी वर ढकलतच राहतात. ते जास्तीचं पाणी टोकाच्या छिद्रांतून असं बाहेर येतं. माती ओली आणि मूळ धडधाकट असेल तेव्हाच हे होतं, म्हणजे तब्येत तपासायची सोय फुकटात. खाली फडकं ठेवा, नाहीतर फरशीवर घसरायची वेळ येते. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर बादली वर ठेवा. कच्च्या अळवात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तोंडाची आग होते. थंडीत हवा कोरडी झाल्यापासून पानं आकसली आहेत आणि थेंबही बंद. मला त्याची चिंता नाही.

चिंचोके मीठ लावण्याआधीच्या चिंचेतले घेतले. रात्रभर कोमट पाण्यात, सकाळी जे फुगले ते मातीत. जे फुगत नाहीत त्यांची एक बाजू खरखरीत फरशीवर किंचित घासायची. चिंचेचं रोप उगवतं ते डोक्यावर चिंचोक्याच्या दोन जाड डाळिंब्या, म्हणजे बीची दोन दलं, घेऊनच, आणि त्या उघडल्या की आतून पिसासारखं पान. संध्याकाळी दिवेलागणीला सगळ्या पर्णिका मिटतात, सकाळी उघडतात. लहान मुलांना दाखवायला याहून चांगलं काही नाही.

हळदीचं सांगायलाच हवं. पौषात लोणच्यासाठी ओली हळद आणतो, त्यातले डोळे असलेले तुकडे कोरड्या वाळूत ठेवून दिले होते. अक्षय तृतीयेला लावले. श्रावणापर्यंत हातभर पानं. सासूबाईंनी नागपंचमीला पातोळ्यांसाठी चार पानं मागितली. मी म्हटलं, ‘आई, दोन घ्या, झाड उघडं पडेल.’ त्यांनी पाच कापली. झाडाला काही फरक पडला नाही, नवी आली. अर्ध्या उन्हातही खुशाल वाढणारं इतकं देखणं पान विकतच्या झाडातही मला फारसं सापडलेलं नाही. आता पानं पिवळी पडून वाळताहेत, हे ठरल्याप्रमाणेच. पाणी कमी करा, पुढे बंद करा, कुंडी कोपऱ्यात सरकवा. ‘झाड गेलं’ म्हणून कुणी फेकू नका.

लिंबाबद्दल तक्रार नाही, पण लिंबावरच्या पाहुण्यांबद्दल बोलायला हवं. सरबताच्या गाळणीत अडकलेल्या बिया ओल्या असतानाच पेरल्या. कागदी लिंबाच्या एका बीतून दोन-तीन कोंब येतात आणि बहुतेक रोपं मूळ झाडासारखीच निघतात, आंब्यासारखा जुगार नाही. गणपतीच्या सुमारास पानांवर मोहरीपेक्षा बारीक पिवळट अंडी दिसली, मग अळ्या. सुरुवातीला अळी हुबेहूब पक्ष्याची विष्ठा वाटते, मोठी झाली की पानाच्या हिरव्या रंगात मिसळून जाते. काडीने हलकेच टोचलं तर डोक्यामागून केशरी शिंगं बाहेर काढते आणि उग्र आंबट वास सुटतो. ही लिंबाच्या फुलपाखराची. ब्लू मॉरमॉन, म्हणजे आपली राणी पाकोळी, २०१५ मध्ये राज्याचं फुलपाखरू झालं, तिची अळीसुद्धा लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच पोसते. ती माझ्याकडे अजून आलेली नाही. रोपं भरपूर असल्यामुळे मी एक कुंडी अळ्यांच्या नावाने सोडून दिली, बाकीच्यांवरच्या उचलून तिथे ठेवल्या. ती कुंडी पार बोडकी झाली होती, आता पुन्हा फुटली आहे.

रताळं हा आळशी माणसाचा वेल. आषाढीच्या खरेदीतलं एक रताळं काचेच्या बरणीत अर्धं बुडवलं, वेल पडद्याच्या दांडीवर चढवला, एवढंच. पावसाळ्यात बरणीतलं पाणी आठवड्यातून दोनदा बदला, डासांच्या अळ्यांना आठवडा-दीड आठवडा पुरतो.

अननसाचे शेंडे गाडीवाल्याकडून आणले. तो म्हणाला, ‘ताई, शेंडे हवे तेवढे न्या, पण एक अननस तरी घ्या.’ घेतला. शेंडा पिळून काढायचा, खालची पानं सोलायची. देठावर तपकिरी ठिपके दिसतात, ती होऊ घातलेली मुळं. दोन दिवस सुकवून मग माती. हे झाड पानांची छिद्रं दिवसाऐवजी मुख्यतः रात्री उघडतं, म्हणून पाणी थोडं लागतं, विसराळू माणसाला परवडतं.

खजुराची बी ओल्या फडक्यात रुजवली तर मजा दिसते. बी आधी खाली एक पांढरी नळी सोडते आणि पहिलं पान बीपासून दूर, त्या नळीतून वर येतं. पाकिटातला खजूर जुना असेल का ही शंका नको. इस्रायलमध्ये मसादा या प्राचीन किल्ल्याच्या उत्खननातली सुमारे दोन हजार वर्षं जुनी बी २००५ मध्ये रुजली होती.

न पटलेले: गाजराचे आणि बिटाचे शेंडे. बशीत आठवडाभर छान, मग काळे, आणि गाजर तर कधीच धरत नाही. सफरचंदाच्या बियांना आधी फ्रिजमधली थंडी लागते आणि आपल्या हवेत रोप रडतच राहतं. ॲव्होकॅडोचा बोलबाला फार, पण त्या किमतीत आंबे येतात, आणि पान साधंच.

सध्या चालू असलेलं: लाल ड्रॅगन फ्रूटच्या बिया कागदावर पसरून, वाळवून श्रीखंडाच्या डब्यात पेरल्या आहेत. दोन जाड दलं आणि मधोमध काट्यांचा इवलासा झुबका, निवडुंग असल्याचं तिथूनच कळतं. झाकण अर्धं उघडं ठेवते, संक्रांतीनंतर पूर्ण काढेन. सीताफळाच्या बिया मातीत गप्प आहेत, त्यांना उन्हाळ्यापर्यंत हात लावणार नाही. लिंबाची रोपं जास्त झाली आहेत. ठाणे-मुलुंडकडच्या कुणाला हवी असतील तर डबा घेऊन या, अळ्यांसकट मिळतील.