वेपिंग सोडताना: ‘दिवसाला किती?’च्या रकान्यापाशी गेलेला दिवस

एप्रिलमध्ये बोटीवरून उतरलो तेव्हाच वेपिंग, म्हणजे ई-सिगारेटमधून निकोटीनच्या द्रवाची वाफ ओढणं, सोडलं. 2019 च्या कायद्याने ई-सिगारेट भारतात आणणं, विकणं, साठवणं सगळंच बंद आहे, म्हणून द्रवाच्या उरलेल्या बाटल्या परदेशातच टाकल्या आणि दापोलीजवळ गावी आलो. आठवड्याभरात चिडचिड इतकी वाढली की आई जेवायला हाक मारायलाही बिचकू लागली. तंबाखू सोडण्याचा मोफत नंबर आहे, 1800-11-2356. तिथे फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि समुपदेशन केंद्रात जायला सांगितलं.

सकाळची पहिली एसटी पकडून तिथे पोचलो आणि अडकलो फॉर्मवर. त्यात विडी, सिगारेट, तंबाखू, गुटखा, मिश्री, आणि प्रत्येकापुढे ‘दिवसाला किती?’ मी खाली मोकळ्या जागेत ‘वेप’ लिहिलं. खिडकीवरच्या ताईंनी ते खोडून सिगारेटवर खूण केली.

“किती?”

“ताई, ते असं मोजता येत नाही.”

“मग दहा लिहू?”

दहा लिहिलं असतं तर औषधही दहाच्याच हिशेबाने मिळालं असतं. मी नको म्हणालो, आणि माझा कागद बाजूला ठेवला गेला. दहा वाजल्यापासून बाकावर बसलो होतो. माझ्यामागून आलेले नऊजण आत जाऊन आले, मग जेवणाची सुट्टी झाली. तो राग अजून गेलेला नाही. सोडायला आलेल्या माणसाला असं ताटकळत ठेवलं, तर तो बाहेरच्या टपरीवरच जाणार. मीही दोनदा उठलो होतो.

शेवटी केसपेपरच्या पाठीवर मीच हिशेब मांडला. बाटली 10 मिलीची, मिलीला 20 मिलिग्रॅम निकोटीन, म्हणजे बाटलीत 200. ती पाच दिवसांत संपायची. दिवसाला 40. सगळं अंगात जात नाही, पण आकडा बघून घाम फुटला. घशाला हे कळलं कसं नाही?

चवीने कळू दिलं नाही. सुरुवातीच्या बाटलीत ग्लिसरीन सत्तर टक्के होतं. ते जाड, स्वतः गोडसर. वाफ दाट येते, पण स्वाद दबतो. शिवाय त्यातलं साधं निकोटीन घशाला ठसका द्यायचं, म्हणून हात आपोआप थांबायचा. नंतरच्या बाटलीत ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल निम्मंनिम्मं. हे दुसरं पातळ असतं, स्वाद नीट वाहून नेतं. आंबा एकदम उठून आला. निकोटीनही बेन्झोइक आम्ल घालून क्षार केलेलं, त्यामुळे ठसका गेला. वर सुक्रालोज या कृत्रिम गोडव्याची गोडी आणि थंडावा देणारं रसायन. ती गोडी कॉइलवर, म्हणजे द्रव तापवणाऱ्या तारेवर, जळून काळा थर धरायची. करपट लागलं की मी कॉइल बदलायचो आणि परत ओढायचो.

तीन वाजता डॉक्टर मॅडमनी तो हिशेब वाचला आणि एकच विचारलं, “उठल्यावर किती वेळात लागतं?” म्हटलं, “अंथरुणातच.” त्यांनी 4 मिलिग्रॅमचं निकोटीन गम लिहून दिलं. दहा मिनिटांचं काम होतं!

तेव्हा तुम्हीही वेपिंग सोडायला अशा केंद्रात जाणार असाल, तर बाटलीच्या लेबलचा फोटो न्या. किती मिली, मिलीला किती मिलिग्रॅम आणि बाटली किती दिवस पुरते, एवढं लिहून न्या.

हो, गमचं राहिलंच. ते सतत चघळायचं नाही. झिणझिण्या आल्या की गालात दाबून धरायचं. पहिला आठवडा मला काहीच गुण येईना, कारण दुपारी कोकम सरबताचा पेला रिकामा करून लगेच गम तोंडात टाकत होतो. आंबट तोंडात निकोटीन गालातून नीट शोषलं जात नाही. आता सरबत, सोलकढी, चहा काहीही घेतलं तरी पाव तास थांबतो.

मेअखेर परसातला रायवळ चोखला. आधी देठाजवळचा चीक ओठाला चरचरला, मग आंबट, मग गोड, आणि शेवटी कोयीचे धागे दातांत. त्या बाटलीतल्या आंब्यात नुसता गोडवा होता.

महिन्याने परत गेलो तेव्हा फॉर्म तोच होता. मी पेनाने तळाशी एक रेघ मारली, ‘वेप’ लिहिलं आणि पुढे ‘बंद, 41 दिवस’. ताईंनी या वेळी खोडलं नाही.