सही जुळत नाही

बँकेच्या खिडकीपलीकडच्या मुलीनं माझा फॉर्म परत सरकवला आणि म्हणाली, "काका, सही जुळत नाही."

आधी 'काका' बोचलं, मग 'जुळत नाही'.

"कोणाशी?"

"तुमच्याशीच की." तिनं समोरच्या पडद्याकडे मान वळवली. तिथे मी चोवीस वर्षांपूर्वी केलेल्या सहीचा नमुना होता. तो मला दाखवायचा नाही, असा नियम. म्हणजे मी कसा आहे हे तिला ठाऊक होतं, मला नव्हतं. "परत करून बघा," ती म्हणाली. केली. तिनं मान हलवली. पुन्हा केली. तिसऱ्या वेळेला पेन जड झालं. 'नीट चाल' असं कुणी म्हटलं की एरवी धड पडणारी पावलं अडखळतात ना, तसं. मग माझ्यामागे रांग वाढायला लागली आणि मी बाजूच्या बाकावर जाऊन बसलो, फॉर्मच्या पाठीवर स्वतःची सही घोटत.

सही ही मोठी गमतीची चीज आहे. बाकीचं अक्षर लोकांना लागावं म्हणून आपण सुधारतो. सही मात्र कुणालाच लागू नये अशी केली तरी चालते. नावातली चार अक्षरं गाळा, शेपटी काढा, खाली रेघ मारा, कुणी गुण कापत नाही. एवढ्या मोकळिकीला अट एकच. एकदा जसे वेगळे झालात, तसेच जन्मभर वेगळे राहा.

अक्षराला ही मोकळीक कधीच नव्हती. पुढ्यात कित्ता, त्यात ठिपक्याठिपक्यांचा 'अ', आणि त्यावरून फिरणारी पेन्सिल. ठिपका सुटला की मागून हात यायचा आणि आपला हात धरून तो परत ठिपक्यावर नेऊन ठेवायचा. भाषेनं हे सगळं बरोबर टिपून ठेवलंय. दुसऱ्यासारखं वागणं म्हणजे त्याचा कित्ता गिरवणं. अक्षराला वळण असतं, पोरालाही वळण लावतात. खरं तर वळण म्हणजे सरळ रस्ता सोडून बाजूला जाणं. पण वळणाचं पोर म्हणतात ते जे कुठेच वळत नाही, त्याला.

पुस्तकांच्या जगातही मागून येणारा तो हात असतोच. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सननं जवळजवळ अठराशे कविता लिहिल्या आणि हयातीत त्यातल्या डझनभरही छापून आल्या नाहीत. १८८६ मध्ये ती गेल्यावर घरात तिनं हातानं शिवलेल्या छोट्या छोट्या वह्या सापडल्या. कवितांमध्ये जागोजाग आडव्या रेघा, मनाला येईल तिथे मोठी अक्षरं, अर्धवट जुळणारी यमकं. १८९० मध्ये पहिला संग्रह निघाला तेव्हा संपादकांनी रेघा काढून रीतसर विरामचिन्हं घातली, कुठे यमक जुळवून घेतलं, कवितांना शीर्षकं दिली. पाहुण्यांसमोर आणण्याआधी मुलीचे केस विंचरावेत, त्यातलाच प्रकार. मला त्यांचा राग येत नाही. विंचरलेली का होईना, ती लोकांपर्यंत पोचली ती त्यांच्यामुळे. तिच्या रेघा तिला परत मिळायला १९५५ साल उजाडलं. आणि आता? आता कवितेत कारणाशिवाय आडवी रेघ दिसली, की कुणीतरी तिचा कित्ता गिरवतंय असं खुशाल समजावं.

त्याच मुलखातल्या राल्फ वाल्डो इमर्सन या विचारवंतानं १८४१ मध्ये स्वावलंबनावर एक निबंध लिहिला. माणूस 'मला वाटतं' म्हणायला कचरतो आणि कुठल्यातरी थोरामोठ्याचं वाक्य पुढे करतो, अशी त्यात तक्रार आहे. (ती सांगायला मी इमर्सनलाच पुढे केलंय, हे माझ्या लक्षात आलेलं आहे.) पण त्या निबंधातली मला सर्वांत आवडणारी जागा वेगळी. चार लोकांसारखं व्हायचा मोह सगळ्यांना माहीत असतो. तो म्हणतो, आणखी एक भीती आपल्याला स्वतःवर विश्वास टाकू देत नाही. कालच्या आपल्याशी जुळलं पाहिजे, ही. आपण पूर्वी काय केलं यावरून लोक आपल्या वाटेचा हिशेब मांडतात आणि तो चुकवायचा आपल्याला संकोच वाटतो. बाकावर बसल्या बसल्या मला हे फार पटलं. रांगेतल्या कुणासारखं हो, असं ती मुलगी म्हणतच नव्हती. ती म्हणत होती, तुझ्यासारखा हो.

इमर्सनचा तरुण मित्र थोरो तर गाव सोडून तळ्याकाठी राहायला गेला. ४ जुलै १८४५ ला तो वॉल्डनच्या काठच्या, स्वतः बांधलेल्या खोपटात शिरला आणि दोन वर्षं, दोन महिने, दोन दिवस राहिला. एकटेपणाचा तो अगदी वस्तुपाठ मानतात. मला त्यातले बारीकसारीक तपशील जास्त भावतात. ज्या जमिनीवर खोपट होतं ती इमर्सनची. झाडं तोडायला कुऱ्हाड हवी होती, ती त्यानं उसनी आणली. हे त्यानंच सांगितलंय, आणि परत केली तेव्हा आणली त्याहून धारदार होती, असंही. खोपटात खुर्च्या तीन. एक एकटेपणासाठी, दुसरी मित्रासाठी, तिसरी चार लोकांसाठी.

उसनवारीवरून आठवलं. माझी सही मी अठराव्या वर्षी, वहीच्या शेवटच्या पानावर बसवली. पानभर घोटली. पहिलं अक्षर मला आवडणाऱ्या एका मास्तरांचं होतं, मधली गिचमीड माझी. आणि खालची रेघ, तिच्या पोटाखाली दोन टिंबं, ती वडिलांची. त्यांच्या प्रत्येक कागदावर ती असायची. त्यांच्याशी तेव्हा माझं एकाही गोष्टीवर जुळत नव्हतं. सही मात्र त्यांच्या वळणावर गेली. पुढे कामाच्या घाईत टिंबं गळाली, मग रेघही आखडत गेली.

बाकी, एका रेघेवर माणूस किती अवलंबून असतो हे सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात दाखवूनच ठेवलंय. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. त्यातली पहिलीएवढी कोणती ते मोठ्यानं सांगायचं. बिनडोक काम. पण खोलीतले बाकीचे सगळे आतून मिळालेले, ठरवून चुकीचं उत्तर देणारे. अशा वेळी उरलेल्या एकट्याची जवळजवळ एक तृतीयांश उत्तरं घोळक्याच्या बाजूनं पडली. डोळ्यांना दिसत होतं, तरी. बिचाऱ्याच्या जोडीला बरोबर सांगणारा एक जण जरी दिला, तरी मान डोलावणं झपाट्यानं कमी व्हायचं. आणि उत्तर बोलायच्या ऐवजी गुपचूप लिहून द्यायला सांगितलं, तरीही. हे दुसरं मला कमालीचं वाटतं. कागद आणि पेन मिळालं की माणसाला आपल्या डोळ्यांवर भरवसा ठेवायला बळ येतं.

तुकोबांना जोडीदारही लागला नव्हता. 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता.' ग्वाही म्हणजे साक्ष. माझ्या फॉर्मवरही तळाला साक्षीदाराची जागा होती. पण तिथे 'मन' लिहिलेलं ती मुलगी चालवून घेईल, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं.

"काका, या." रांग ओसरली होती. "असं करा, नवा नमुनाच देऊन टाका. तीन चौकोन आहेत, तीनदा करा. तिन्ही सारख्या यायला हव्यात."

पहिली मी जपून केली, जिभेचं टोक दातात धरून. दुसरी जरा सैल आली. तेवढ्यात मागून कुणीतरी वेळ विचारली. मी मान वळवून सांगितली आणि तिसऱ्या चौकोनात हात आपला आपण फिरला. परत पाहिलं तर खाली रेघ होती, आणि रेघेखाली दोन टिंबं.

मुलीनं कार्ड पडद्याशेजारी धरलं. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"अय्या, ही तर जुळतेय," ती म्हणाली. "मग नवा नमुना कशाला?" कार्डाचे दोन तुकडे करून तिनं ते खालच्या टोपलीत टाकले आणि फॉर्म पुन्हा माझ्यापुढे सरकवला. "अगदी अशीच करा इथे."