पोंगेमर दिसली की आधी पोंगा ओढून बघा

ज्वारीचा मधला पोंगा (कोवळ्या पानांची गुंडाळी) वाळला, म्हणजेच पोंगेमर झाली, की लगेच फवारणीचा पंप पाठीवर चढतो. त्याआधी तो पोंगा चिमटीत धरून हलकेच ओढा. सहज हातात आला, बुडाशी कुजलेला निघाला आणि घाण वास आला, तर ती खोडमाशी. उगवणीनंतर पहिल्या चार आठवड्यांतलं रोप असेल तर शंकाच नको. वास नाही आणि वरच्या पानांवर आडव्या ओळीत छिद्रं आहेत, तर खोडकिडा. गुंडाळलेल्या पोंग्यातच अळीने पान कुरतडलेलं असतं, म्हणून ते उलगडल्यावर अशी ओळ दिसते.

खोडमाशी पानाच्या खालच्या बाजूला मध्यशिरेला समांतर एकेक पांढरं, लांबट अंडं घालते. एक-दोन दिवसांत अळी निघते, पोंग्यात उतरून वाढीचा कोंबच कापते आणि त्या कुजक्या भागावर पोसते. पोंगा वाळलेला दिसतो तोवर कोंब गेलेला असतो, त्या रोपावर फवारा वाया. फुटवे येतात खरे, पण माशी शिवारात असली तर तेही मरतात.

म्हणून खोडमाशीचा बंदोबस्त पेरणीच्या दिवशीच करायचा. थायामेथोक्झाम 30 एफएस (बियाण्याला चोळायचं पातळ कीटकनाशक), किलोभर बियाण्याला 10 मिली, चोळून सावलीत सुकवा. आजूबाजूच्या सगळ्यांनी एकदमच पेरणी उरका. मागास पेऱ्यावर आधीच्या शेतांत वाढलेल्या माश्या तुटून पडतात. बियाणं थोडं जास्त वापरा, विरळणीत पोंगेमर झालेली रोपं उपटा आणि शेताबाहेर नेऊन नष्ट करा. बांधावर टाकली तर आतली अळी कोषात जाऊन माशी होणारच.

खोडकिड्याला मात्र फवारणीची संधी मिळते, पण अळी पोंग्यात आहे तोवरच. खोडात शिरली की औषध पोचत नाही. आत बोगदे पडतात, कणसाचा दांडा मोडतो, दाणे पोचट राहतात. पीक निघाल्यावर ही अळी धसकटांत आणि कडब्यात सुप्त पडून राहते. धसकटं वेचा, कडबा कुट्टी करून ठेवा.

पोंग्यात भुशासारखी विष्ठा आणि पानं फाटल्यासारखी खाल्लेली असतील तर अळीचं डोकं बघा. त्यावर उलटा वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके असले, तर ती अमेरिकन लष्करी अळी.

फुलोऱ्यात सकाळी कणसांवर बारीक नारिंगी माश्या फिरताना दिसल्या तर ती मिजमाशी. पुढे कणीस पोचट निघतं आणि फुलांच्या टोकाला कोषाची पांढरी साल चिकटलेली सापडते.