सहा, सहा, सहा, चार

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचं म्हटल्यावर बहुतेकांना स्नेहसंमेलन नाहीतर सहल आठवेल. मला आठवतो आठवी 'ब'चा, मधल्या सुट्टीनंतरचा पेंगुळलेला तास आणि बोटांवर अक्षरं मोजणारा आमचा वर्ग.

मराठीच्या बाईंनी फळ्यावर हरिपाठातला चरण लिहिला होता : 'देवाचिये द्वारी उभा क्षणभरी । तेणे मुक्ती चारी साधियेल्या ॥' सहा, सहा, सहा आणि शेवटी चार. एकूण २२ अक्षरं. या छंदाला 'देवद्वार' हे नाव याच अभंगावरून पडलं. बाई म्हणाल्या, "सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता. या चार मुक्तींसाठी लोकांनी जन्म घालवले. ज्ञानोबा काय मागतात? दारात क्षणभर उभे राहा. आत या, असंसुद्धा म्हणत नाहीत."

मग त्या बोलता बोलता पंढरपूरला गेल्या. चोखोबांची समाधी देवळाच्या महाद्वाराबाहेर आहे. अस्पृश्य मानल्यामुळे आत जायची त्यांना मुभाच नव्हती, आणि ते दार सर्वांना उघडायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. घरी आजी रोज संध्याकाळी म्हणायची तीच ओळ; पण त्या ओळीतल्या दाराशी असं कुणीतरी उभं असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. परीक्षेला यातलं काही नव्हतं. बाईंनी तरी अख्खा तास त्यात घालवला.

निबंध तपासताना मात्र त्याच बाई निर्दय. 'अतिशय', 'खरोखर', 'नयनरम्य' यांच्यावर लाल रेघ ठरलेली. पुरवण्यांच्या जाडीवर गुण मिळतात अशी आमची ठाम समजूत होती (इतिहासाच्या पेपरात ती खरीही ठरायची). आज वर्तमानपत्राच्या डेस्कवर दोन कॉलमांत मथळा बसवताना ती रेघ माझ्याच हातून ओढली जाते.

प्रगतिपुस्तकातला शेऱ्याचा रकाना जेमतेम बोटभर. बाकीचे शिक्षक तिथे 'समाधानकारक' लिहून मोकळे व्हायचे. वर्गात माझ्या तोंडून क्वचितच शब्द फुटायचा. बाईंनी वार्षिक निकालात लिहिलं, 'बोलत नाही. पण सगळं ऐकतो.' वडिलांनी सही करण्याआधी ते आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. गणितातल्या गुणांचा विषय त्या वर्षी घरात निघालाच नाही.