घुशी, भेगा आणि डोक्यावरचा कालवा

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून कालवा दिसत नाही, पण त्यातून जाणाऱ्या होडीचं शीड दिसतं. तेही मान वर केल्यावर! पुण्याहून नेदरलँड्सच्या युट्रेख्ट प्रांतात राहायला आलो, तेव्हा हे काही केल्या पचेना. पाणी वर, आम्ही खाली, मधे एक गवताळ बांध.

पाऊस या बांधाला दोन्हीकडून गाठतो. सखल शेतांत साचलेलं पाणी पंपाने उपसून वरच्या कालव्यात सोडतात. त्यामुळे मुसळधार पावसात कालवा चढतो, नेमका बांध चिंब भिजलेला असताना. त्याच्या पोटात पाणी चढलं की मातीच्या कणांमधला दाब वाढतो, पकड ढिली होते आणि घरांकडचा उतार घसरू शकतो. कालवा फारच भरला तर पंप थांबवायचा हुकूम निघतो, त्याला 'मालस्टॉप' म्हणतात. शेतं बुडाली तरी चालतील, बांध फुटता कामा नये. त्या दिवशी शेतकरी काय बोलतात, ते इथे न लिहिलेलं बरं.

गंमत म्हणजे या भागात धसका आहे तो कोरड्या उन्हाळ्याचा. 26 ऑगस्ट 2003 च्या रात्री इथल्या विल्निस गावात बांधाचा सुमारे 60 मीटरचा तुकडा सरकला आणि कालवा वस्तीत शिरला. पाऊस नव्हताच. इथले जुने बांध पीटचे, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचे. ही माती ओली असते तेव्हाच जड असते. त्या वर्षी ती वाळून हलकी झाली आणि पाण्याने बांध चक्क बाजूला ढकलला. आता कोरडा उन्हाळा लांबला की जलमंडळाची, म्हणजे पाणी आणि बांध सांभाळणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेची, माणसं बांधावरून चालत भेगा शोधतात. इथल्या हवामान संस्थेचा 2023 चा अंदाज तर असा, की उन्हाळे आणखी कोरडे होतील आणि त्यातच येणाऱ्या सरी जास्त जोरदार असतील. आधी तडकवायचं, मग त्या भेगांत पाणी ओतायचं!

दक्षिणेत लिंबुर्गमध्ये जुलै 2021 च्या महापुरात युलियाना कालव्याच्या बांधाला भोक पडलेलं दिसलं. भोंगे वाजले, लोकांना घरं सोडायला लावली. भोक वेळेत बुजवलं म्हणून निभावलं.

भोकावरून आठवलं. 27 सप्टेंबर 2018 ला पुण्यात मुठा उजवा कालवा फुटून दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत पाणी घुसलं, तेव्हा मंत्रिमहोदयांनी उंदीर, घुशी आणि खेकड्यांकडे बोट दाखवलं होतं. आम्ही पोट धरून हसलो होतो. इथे आल्यावर कळलं, की जलमंडळांकडे मस्करॅट पकडणारी पगारी माणसं आहेत. घुशीएवढा हा प्राणी मूळचा उत्तर अमेरिकेतला. तो पाण्याखालून बिळाचं तोंड उघडतो आणि बांध आतून पोखरतो. वरून पाहावं तर हिरवंगार गवत. मंत्र्यांना सूट देतोय असं नाही. इथे घूस निघाली तर विचारतात, पकडणारा कुठे होता?

बाबांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे घुशी धरायची सरकारी नोकरी? पेन्शन आहे का?"

आहे, बाबा.