सोलापूर ते बीकेसी: एफ-१ व्हिसाची वारी

आषाढी एकादशीच्या रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई गाठायची हे काही आम्ही ठरवलं नव्हतं, तारीखच तशी मिळाली. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसासाठी (एफ-१) ७ जुलै २०२५ला बोटांचे ठसे, ८ला मुलाखत. कुर्डुवाडीला गाडी थांबली आणि पंढरपूरहून परतणारे वारकरी मिळेल तिथं टेकले. एक माऊली माझ्या बर्थच्या कडेला बसल्या. मांडीवरची जाडजूड फाइल बघून म्हणाल्या, "कोर्टाची तारीख का गं?"

बाबा म्हणाले, "तसंच समजा."

मी सोलापुरात सिव्हिल इंजिनिअरिंग केलं आणि आता अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात जलसंपदा विषयात एमएस करायला निघालेय. मावसभाऊ पुढच्या वर्षीच्या तयारीत आहे. त्याला फोनवर तीनदा सगळं सांगून झालं, चौथ्यांदा सांगण्यापेक्षा लिहिलेलं बरं.

पहिलं म्हणजे नाव. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं वेगळं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना निराळा आणि स्वतःचं नाव नि वडिलांचं नाव एका रकान्यात. विद्यापीठाचा अर्ज मी मार्कशीट समोर ठेवून भरला. तिथंच माती खाल्ली. आय-२० (विद्यापीठ पाठवतं ते प्रवेशाचं प्रमाणपत्र, व्हिसासाठी लागतं) आला तर आडनावाच्या जागी बाबांचं नाव! विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला पासपोर्टच्या पानासकट मेल केला, दुरुस्त आय-२० यायला अकरा दिवस लागले. सेव्हिस क्रमांक (परदेशी विद्यार्थ्यांच्या अमेरिकी सरकारी नोंदीतला) तोच राहिला, एवढं बरं. तेव्हा अर्ज कुठलाही असो, पासपोर्ट उघडा ठेवून भरा आणि आय-२० आल्या दिवशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. नंतरचं सगळं त्यावरच उभं राहतं.

पैशांचं थोडक्यात. २०२५ला सेव्हिसची फी ३५० डॉलर होती, व्हिसाची १८५. दोन्ही मिळून आम्हाला साधारण ४७ हजार रुपये पडले. व्हिसा नाकारला तरी यातलं काही परत मिळत नाही. कार्डानं भरणार असाल तर त्यावरचे परदेशी व्यवहार आधी चालू करून घ्या. आमचा पहिला प्रयत्न त्यावाचून फसला आणि ‘पैसे गेले की काय’ म्हणून आई अर्धा तास देवापुढं बसली होती.

तारीख मिळवणं हा खरा ताप. मे २०२५च्या शेवटी अमेरिकेनं विद्यार्थी व्हिसाच्या नव्या तारखा देणं जगभर थांबवलं आणि १८ जूनला पुन्हा सुरू केलं, ते सोशल मीडियाच्या तपासणीची अट घालून. डीएस-१६० या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात मागच्या पाच वर्षांत वापरलेली सगळी खाती लिहायची आणि ती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायची. माझा अर्ज मे महिन्यातच भरून झाला होता, पण कॉलेजच्या पहिल्या वर्षी उघडलेलं एक इन्स्टाग्राम खातं मी त्यात लिहिलंच नव्हतं. मांजरीच्या फोटोंचं खातं ते, कोण विचारतंय! पण झोप लागेना, म्हणून नवा डीएस-१६० भरला. नव्या अर्जाला नवा क्रमांक मिळतो आणि तो तारीख घेतलेल्या प्रोफाइलमध्येही बदलावा लागतो. दोन्हीकडचा क्रमांक एकच नसला तर दारातून परत पाठवतात.

तारखांसाठी वेबसाइट सारखी उघडू नका. फार वेळा लॉगिन केलं की खातंच गोठतं, ऐन वेळी माझं गोठलं होतं. पहाटे एकदा आणि रात्री एकदा, एवढंच ठरवून घेतलं आणि रात्रीच्या खेपेला तारीख दिसली. ‘तुमचा पासवर्ड द्या, आम्ही तारीख काढून देतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी आम्ही लागलो नाही. आणि सोयीची नाही म्हणून हाती आलेली तारीख सोडताना दहादा विचार करा. २०२५पासून तारीख फुकट एकदाच बदलता येते, पुढच्या वेळी फी नव्यानं.

एक बारकी गोष्ट मुलींसाठी. जूनमध्ये मावसबहिणीचं लग्न होतं आणि तारीख कधी मिळेल याचा पत्ता नव्हता, म्हणून मेंदी काढताना मी बोटांची टोकं कोरी ठेवायला लावली. मेंदीवाली बाई नाराज झाली. ठसे घेताना बोटांच्या टोकांवर मेंदी अडचणीची ठरते.

आता फाइल. बाबांनी तलाठ्याकडून सातबारा काढला, फ्लॅटचं मूल्यांकन करून घेतलं, सीएचं सर्टिफिकेट, एफडीच्या पावत्या, तीन वर्षांचे इन्कम टॅक्स रिटर्न, शिवाय बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र. यातली कर्जाचं पत्र आणि रिटर्न एवढीच कागदं माझ्या मते कामाची. पासपोर्ट, सही केलेला आय-२०, डीएस-१६०ची पावती, सेव्हिसची पावती आणि तारखेचं पत्र हे पाच कागद वरच ठेवा, भराभर काढता आले पाहिजेत. फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढऱ्या पार्श्वभूमीचा, चष्मा काढून.

आम्ही कल्याणला उतरलो आणि डोंबिवलीला आत्याकडं आंघोळ करून कुर्ल्याला गेलो. कुर्ला पश्चिमेहून बीकेसीसाठी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलासाठी, शेअर रिक्षा मिळतात. दादर किंवा अंधेरीच्या बाजूनं येणाऱ्यांना मेट्रो ३चं बीकेसी स्थानक सोयीचं. जुलैत रुळांवर पाणी साचलं तर सायन-कुर्ल्याच्या मध्ये लोकल रखडतात, म्हणून निदान मुलाखतीच्या दिवशी दोन तास हाताशी ठेवून निघा. कागद प्लास्टिकच्या पारदर्शक फाइलमध्येच न्या.

पहिला दिवस सोपा. ठसे घेण्याचं केंद्र वेगळं, मुलाखतीचं कॉन्सुलेट (अमेरिकेची वकिलात) वेगळं, ही गल्लत करू नका. दोन्ही बीकेसीतच असली तरी पत्रावरचा पत्ता नीट वाचा. डाव्या हाताची चार बोटं, उजव्या हाताची चार, मग दोन्ही अंगठे, एक फोटो, संपलं.

दुसऱ्या दिवशी कॉन्सुलेट. जी ब्लॉक, सी-४९. बाबांच्या डोक्यात अजून ब्रीच कँडीचं लिंकन हाउस होतं, पण ते कार्यालय २०११लाच इकडं आलं. आत फोन नाही, स्मार्टवॉच नाही, सॅक नाही, डबा नाही. ठेवायला लॉकरही नाही. तेव्हा सोबत कुणीतरी न्याच, नाहीतर फोन घरी ठेवून या. माझा फोन, घड्याळ, छत्री आणि आत्यानं दिलेला डबा हातात घेऊन बाबा रस्त्याच्या पलीकडं भिजत उभे राहिले. फार आधी जाऊन काही मिळत नाही, वेळेनुसारच आत सोडतात. तासभर आधी पोचून बाबांच्या शर्टाचं पाणी झालं, एवढंच.

आतल्या रांगेत सगळ्यांचे ओठ हलत होते, परीक्षेच्या हॉलबाहेर हलतात तसे. आमच्या ओळखीतल्या एका सल्लागारानं मलाही दोन पानं पाठ करायला दिली होती: ‘जागतिक दर्जाचं संशोधन, उत्कृष्ट प्राध्यापक’ वगैरे. माझ्या पुढच्या मुलानं खिडकीवर तेच सुरू केलं. काचेपलीकडच्या अधिकाऱ्यानं त्याला मधेच थांबवून विचारलं, "यातल्या एका प्राध्यापकाचं नाव सांग." मुलगा गप्प. आवाज माइकवरून येतो, मागच्या चौघांना सगळं ऐकू जातं. पोटात गोळा आला.

शेजारच्या खिडकीवर एक आजोबा दुभाष्यामार्फत मराठीत बोलत होते, मुलीच्या बाळंतपणाला चालले होते. ते ऐकण्यात मन गुंतलं आणि माझा नंबर आला.

पुन्हा बोटं ठेवली. विद्यापीठ कुठलं, हेच का, आणखी कुठं प्रवेश मिळाला होता, पैसे कोण देतंय. मग, "पाणीच का?"

पाठ केलेली पानं गेली उडत. मी म्हटलं, "माझ्या शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. उजनीसारखं मोठं धरण आहे, तरी. असं का होतं ते मला शिकायचंय."

त्यानं स्क्रीनवरून मान वर केली. "चार दिवसांनी? मग तुम्ही काय करता?"

"पिंपं भरून ठेवतो. पाणी रात्री दोनला आलं तर दोनला उठतो."

आणखी एक प्रश्न बाबांच्या नोकरीवर, आणि संपलं. तीन मिनिटं झाली असतील. सातबारा त्यानं पाहिला नाही, फाइलच उघडली नाही. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम २१४(बी) असं सांगतं की अर्जदार तिथं कायमचाच राहायला निघालाय असं धरून चालायचं, तसं नाही हे अर्जदारानं पटवायचं. ते पटवायला हातात ही एवढी मिनिटं असतात. तेव्हा आपण तोच विषय का घेतला हे आरशासमोर नाही, घरच्यांसमोर बोलून बघा. माझं उत्तर मला आईशी पाण्यावरून भांडतानाच सापडलं होतं.

त्यानं पासपोर्ट ठेवून घेतला आणि २२१(जी)ची चिठ्ठी दिली, तपासणी बाकी आहे म्हणून. हे मुद्दाम लिहितेय. त्या संध्याकाळी वेबसाइटवर स्थिती बघितली तर इंग्रजीत चक्क ‘रिफ्युज्ड’. आत्याच्या घरात कुणी जेवलं नाही. चिठ्ठी मिळालेल्यांना तपासणी पुरी होईपर्यंत तिथं तोच शब्द दिसतो, हे एका मैत्रिणीनं रात्री अकराला फोनवर सांगितलं. पासपोर्ट त्यांच्याकडं आहे आणि चिठ्ठीवर नवीन काही मागितलेलं नाही, तर वाट बघायची. माझी स्थिती नवव्या दिवशी ‘इश्यूड’ झाली.

पासपोर्ट घ्यायला बाबा एकटेच मुंबईला गेले (जुलै २०२५मध्ये ते चालायचं). केंद्राच्या पायऱ्यांवरूनच त्यांनी फोन लावला आणि व्हिसाच्या स्टिकरवरचं एकेक अक्षर मला वाचून दाखवलं: आडनाव, नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, एन अक्षरानं सुरू होणारा सेव्हिस क्रमांक, विद्यापीठाचं नाव. मी इकडं आय-२० धरून एकेकाला टिक केली. चूक असेल तर ती तिथल्या तिथंच सांगायची, विमानतळावर नाही.

तिकीट त्यानंतरच काढलं, महाग पडलं तरी. आय-२०वरच्या तारखेच्या ३० दिवस आधीपासून तिथं उतरता येतं, त्यामुळं ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातलं विमान धरलं. आय-२० मूळ प्रत आणि कर्जाचं पत्र हातातल्या बॅगेत. शेंगाचटणी मोठ्या बॅगेत, आणि त्यावर आईची कडक भाकरी, चुरा होऊ नये म्हणून स्वेटरमध्ये गुंडाळलेली.