तक्ता क्रमांक १२ चा १३ झाला तेव्हा

आज दिवसभर वर्डमध्ये ताईच्या थिसिसला बसलो होतो. ४१ तक्ते, सगळ्यांचे नंबर हाताने टाईप केलेले, आणि गाईडनी सांगितलं की दुसऱ्या चॅप्टरमध्ये अजून एक तक्ता घाला. म्हणजे पुढचे सगळे नंबर बदला, वर मजकुरात जिथे जिथे 'तक्ता १२ पाहा' लिहिलंय तेही शोधा, ताई तर रडकुंडीलाच आली होती. मग एकेक नंबर काढून वर्डच्या रेफरन्सेस टॅबमधून इन्सर्ट कॅप्शन केलं, न्यू लेबलमध्ये 'तक्ता' लिहिलं, आणि मजकुरातले उल्लेख क्रॉस-रेफरन्सने जोडले. चार तास गेले खरे पण नंतर नवीन तक्ता घातला, कंट्रोल ए (सगळं सिलेक्ट), एफ९ (अपडेट), आणि सगळे नंबर आपोआप पुढे सरकले!! ताईचा चेहरा बघण्यासारखा होता.

त्या नंबरामागे सेक (SEQ) नावाचं फील्ड, म्हणजे नंबर स्वतः मोजणारा छोटा कोड असतो, ते प्रत्येक लेबलची वेगळी मोजणी ठेवतं, म्हणून आकृत्या आणि तक्ते एकमेकांत मिसळत नाहीत. तळटीपांत उल्लेख असेल तर मात्र तिथे जाऊन वेगळं सिलेक्ट करून एफ९ दाबा, कंट्रोल ए तिथपर्यंत पोचत नाही. थिसिस लिहिणाऱ्यांनो, पहिल्या तक्त्यापासूनच हे करा प्लीज, कुणाला अडलं तर मला सांगा, मी बसून करून देईन.